आजी-आजोबा जातात तेव्हा: नागपूरच्या नातवंडांसाठी, पहिल्या तासापासून पहिल्या वर्षापर्यंत

आजी मे महिन्यात गेली, पहाटे साडेचारच्या सुमारास, घरीच. वय ८७. बाबा आणि काका तिच्या उशाशी बसून होते, आई आणि काकू रडत होत्या, आबा, म्हणजे आजोबा, खुर्चीत गप्प होते. डॉक्टरला फोन कोणी करायचा, हे कोणालाच सुचत नव्हतं. शेवटी मी केला. पुढचे तीन महिने फोन, गाडी, झेरॉक्स आणि रांगा माझ्या आणि चुलतभावाच्या वाट्याला आल्या.

बहुतेक घरांत असंच होतं. विधी मुलांकडे जातात आणि पळापळ नातवंडांकडे येते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "८७ म्हणजे सोनंच झालं." त्यामुळे आपल्या रडण्यालाही जागा उरत नाही. तुमच्या घरी ही वेळ आली असेल किंवा जवळ आली आहे असं वाटत असेल, तर आम्हाला ठेचा खाऊन जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. पहिला तास: आधी डॉक्टर, मग नातेवाईक

माणूस दवाखान्यात गेलं तर कागद तिथेच तयार होतात. घरी गेलं तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. त्यांनी स्वतः येऊन तपासायचं आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून द्यायचा. घरी झालेल्या मृत्यूसाठी हा दाखला नमुना ४-अ मध्ये असतो. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी तो विनाशुल्क द्यावा, असं कायदाच सांगतो. हा कागद नसला तर घाटावरही अडतं आणि पुढे महापालिकेतही.

म्हणून घरात ८० च्या पुढचं माणूस असेल तर आजच एक काम करा. रात्री-बेरात्री कोणते डॉक्टर घरी येऊ शकतील ते विचारून ठेवा आणि नंबर फ्रीजवर चिकटवा. आमच्या पहिल्या डॉक्टरांचा फोन बंद होता. दुसरे येईपर्यंत दीड तास गेला, आणि तो दीड तास फार लांब होता.

पडून मार लागला असेल, भाजलं असेल किंवा कारणच कळत नसेल, तर डॉक्टर पोलिसांना कळवायला सांगतील. तेव्हा वाद घालू नका. शवविच्छेदनासाठी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्यावं लागेल. ते टाळायला गेलात तर पुढचे सगळे कागद अडकतात.

याच तासात नेत्रदानाचं ठरवावं लागतं. डोळे सहा तासांच्या आत घेतले तर उपयोगी पडतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, वय कितीही असलं, तरी शक्यतो चालतं. नेत्रपेढीला फोन करा, पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. पंख्याचं आम्हाला माहीत नव्हतं, फोनवर त्यांनीच सांगितलं. देहदान करायचं असेल तर मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी बोला. फॉर्म आधी भरलेला असला तरी शेवटी घरच्यांची संमती लागते. त्यामुळे आत्या-काकांशी हा विषय माणूस जिवंत असतानाच काढलेला बरा.

छातीत पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांना सांगून काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते. अंगावरचे दागिने दोघांच्या समोर काढा, कागदावर लिहा आणि एका डब्यात ठेवा. हे अविश्वासापोटी करायचं नाही. पुढे कोणाच्या मनात किल्मिष राहू नये म्हणून करायचं.

२. नागपूरचा उन्हाळा गृहीत धरा

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. कूलर लावून देह घरात ठेवता येत नाही, कूलरच्या ओलाव्याने उलट लवकर खराब होतो. कोणी बाहेरगावाहून येणार असेल तर थंड शवपेटी भाड्याने मागवा. ती साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, भिंतीच्या सॉकेटला जोडा, आणि दुपारी वीज गेली तर काय करायचं ते पेटीवाल्यालाच विचारून ठेवा.

अंत्ययात्रेची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची घ्या. भर दुपारी घाटावर उभे राहिलेले आजीच्याच वयाचे लोक तुम्हाला दिसतील. त्यांच्यासाठी पाण्याचा कॅन, ओआरएसची पाकिटं आणि दोन-चार दुपट्टे गाडीत टाका.

"सगळे येईपर्यंत थांबायचं का?" यावरून घरात ताणाताणी होते. माझा चुलतभाऊ बंगळुरूहून निघाला होता आणि संध्याकाळच्या आधी पोहोचणं शक्य नव्हतं. आम्ही थांबलो नाही. आजही तो ते बोलून दाखवत नाही, पण त्याला ते लागलं आहे. आता मी म्हणेन, पेटीची सोय होत असेल आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झेपत असेल, तर एक माणूस येईपर्यंत थांबा. चौघांसाठी थांबायला गेलात तर ते संपत नाही.

निरोपाचा मजकूर एकानेच लिहावा आणि सगळ्यांनी तोच पुढे पाठवावा. आमच्याकडे तीन वेगवेगळ्या वेळा आणि दोन वेगवेगळे घाट सांगणारे निरोप फिरले, आणि आजीच्या दोन मैत्रिणी चुकीच्या घाटावर जाऊन परत गेल्या. मजकूर एवढाच पुरतो: "आमच्या आजी (पूर्ण नाव, वय) यांचं आज पहाटे राहत्या घरी निधन झालं. अंत्ययात्रा सायंकाळी ५.३० वाजता (पत्ता, जवळची खूण) येथून निघेल. अंत्यसंस्कार (घाटाचं नाव) येथे." वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसाठीही हाच मजकूर चालतो.

३. घाटावर

शहरात मोक्षधाम, अंबाझरी, गंगाबाई, मानेवाडा, सहकारनगर, मानकापूर, वैशालीनगर असे बरेच घाट आहेत. घराजवळचा निवडा. "आमचे सगळे तिकडेच गेले" म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचा हट्ट वाहतुकीत दोन तास खातो. निघण्यापूर्वी एकाला मोटरसायकलने पुढे पाठवा. ओटा मोकळा आहे का, लाकडं कोरडी आहेत का, दाहिनी सुरू आहे का, हे त्याने बघून फोन करायचा. काही घाटांवर मोक्षकाष्ठही मिळतं. शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या त्या ठोकळ्यांमुळे झाडं वाचतात. आजीला झाडांची माया होती, म्हणून आम्ही तेच वापरलं.

घाटावर दोन गोष्टी जिवापाड जपा. पहिली म्हणजे पावती, तिचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. दुसरी म्हणजे ओट्याचा क्रमांक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाल तेव्हा सगळे ओटे सारखेच दिसतात.

नोंदवहीत नाव लिहिताना ज्याचं डोकं शांत आहे आणि ज्याच्या हातात आधार कार्ड आहे, त्यालाच पुढे करा. हे एवढं का सांगते आहे, ते पाचव्या मुद्द्यात येईल.

आणि मुलींनो, तुम्हाला जायचं असेल तर जा. मी गेले. एका मावशींनी "तू काय करशील तिथं जाऊन?" असं विचारलं. आबांनी मान वर न करता म्हटलं, "तिची आजी होती. जाऊ दे तिले." पुढे कोणी काही बोललं नाही.

४. सावडणं, अस्थी, दहावा, तेरवी

सावडायला भल्या पहाटे जा. नवं मडकं, पांढरं कापड, दूध आणि फुलं न्या. हात घालण्याआधी राख थंड झाली का ते बघा, आत विस्तव धुमसत असतो. जो नातू किंवा जी नात अंत्यदर्शनाला पोहोचली नाही, तिला सावडायला आवर्जून न्या. चुलतभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा रडला. तोपर्यंत तो नुसताच सामान उचलत होता.

अस्थींसाठी नागपूरकर पिढ्यानपिढ्या रामटेकच्या अंबाळ्याला जातात. जवळपास ५० किलोमीटर अंतर आहे, सकाळी निघालं की दुपारपर्यंत परत येता येतं. काही जण कन्हान नदीवर जातात, काही प्रयागला. दक्षिणेचा आकडा आधीच बोलून घ्या आणि दुःखाच्या दिवशी घासाघीस करायची वेळ स्वतःवर आणू नका. अस्थी विसर्जित करताना प्लास्टिकची पिशवी पाण्यात जाणार नाही एवढं बघा.

दहावा, तेरवी, सुतक, गोडजेवण ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने होतं. आमच्या शेजारच्या बौद्ध कुटुंबात आजोबा गेले, तेव्हा त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजी आले, आणि पुढे जलदान विधीला सगळी वस्ती जेवली. तुमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा. तिचं सगळंच करायला पाहिजे असं नाही, पण तिला विचारलं गेलं पाहिजे.

तेरवीच्या खर्चाबद्दल मी स्पष्टच सांगते. कर्ज काढून पाचशे पानं उठवू नका. आजीने आयुष्यभर दुधाचा हिशेब पैशापैशाने ठेवला होता. तिच्या नावाने उधळपट्टी करणं हा तिचा मान नव्हे.

५. मृत्यूचा दाखला: इथे घाई करा

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरी मृत्यू झाला तर जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, दवाखान्यात झाला तर दवाखान्याची. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. महिना उलटला की स्वसाक्षांकित कागद आणि वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. आजोबा धंतोलीतल्या दवाखान्यात गेले आणि तुमचं घर काटोलला असलं, तरी दाखला नागपूरचाच निघतो. शहरात महापालिकेची दहा झोन कार्यालयं आहेत, तुमचं कोणतं ते घरपट्टीच्या पावतीवर बघा.

आता आमची चूक सांगते. आधार कार्डावर आजीचं नुसतं नाव, बँकेत नावापुढे "बाई", पेन्शनच्या कागदावर आबांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. घाटावर काकांनी नाव सांगितलं ते घरात हाक मारायचो ते. दाखल्यावर तेच आलं. तेवढ्यावर बँकेने अर्ज परत केला. प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचे पुरावे, असं करत अडीच महिने गेले. प्रत्येक खिडकीवर मला "मयताचं नाव काय?" असं विचारायचे आणि मी दर वेळी तीन-तीन नावं सांगायची. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यापासूनच सगळीकडे आधारवरचं नाव, अक्षर न अक्षर, तसंच लिहून घ्या. दाखला हातात पडला की खिडकीसमोरून हलण्याआधी नाव, तारीख, वय आणि पत्ता वाचा.

नोंद करणाऱ्याला पहिली प्रत विनाशुल्क मिळते. त्याखेरीज जास्तीच्या आठ-दहा प्रती त्याच वेळी काढा.

६. फाइल आणि तिच्यातले सापळे

एक जाड फाइल करा आणि ती एकाच माणसाकडे राहू द्या. त्यात हे लागेल:

- डॉक्टरांचा दाखला, घाटाची पावती, मृत्यू दाखल्याच्या प्रती
- गेलेल्या माणसाचं आधार, पॅन, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
- बँक आणि पोस्टाची पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, लॉकरची किल्ली
- पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक
- घराची खरेदी, आखीव पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टी, विजेचं बिल
- सगळ्या वारसांचे आधार, पॅन आणि फोटो
- मृत्युपत्र असल्यास ते

मूळ कागद कोणालाही देऊ नका. "मी लवकर करून देतो" म्हणणारा ओळखीचा असला तरी झेरॉक्सच द्या.

एटीएम कार्ड वापरू नका. पिन घरातल्या सगळ्यांना माहीत असतो आणि तेरवीला पैसे लागतात, हे मला कळतं. पण खातेदार गेल्यावर काढलेला पैसा इतर वारसांसमोर आणि बँकेसमोर गुन्ह्यासारखा उभा राहतो. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत जातेच, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराची कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रक्रिया तितकीच पुढे ढकलली जाते.

बँकेत नॉमिनी म्हणून लिहिलेलं नाव म्हणजे वारस नव्हे. ते नाव पैसे ताब्यात घेणाऱ्याचं असतं, मालकाचं नसतं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क नवरा, मुलगे आणि मुली यांचा सारखा असतो. लग्न झालेल्या आत्याचाही. तेरवीच्या मांडवात आत्यापुढे हक्कसोडीचा कागद सरकवणारी घरं मी पाहिली आहेत. नातवंडांनो, तेव्हा मधे पडा. रडणाऱ्या बाईची सही घेऊ नये. हे कागद चार महिन्यांनीही होतात. आत्याला हक्क सोडायचाच असेल तर ती तेव्हाही शांतपणे सोडेल.

घराच्या बाबतीत एक गोंधळ ठरलेला असतो. घरपट्टीवर नाव बदललं म्हणजे घर नावावर झालं, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. नगर भूमापन कार्यालयातली नोंद वेगळी, आणि नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर तिथली त्याहून वेगळी. गावाकडे शेत असेल तर वारसांची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. वीज, गॅस, रेशन आणि मतदार यादी सावकाश केलं तरी चालतं.

मोबाइल नंबर मात्र लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

७. मागे राहिलेल्याकडे बघा

सगळी गर्दी तेरवीपर्यंत असते. चौदाव्या दिवशी मांडव उतरतो, सतरंज्या परत जातात आणि घरात आबा उरतात.

आमच्याकडे विसाव्या दिवशी लक्षात आलं की आबांच्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी तशीच भरलेली आहे. इतकी वर्षं सकाळची गोळी आजी त्यांच्या चहाच्या बशीत ठेवायची. बशीत गोळी नाही म्हणून त्यांनी घेतली नाही आणि मागितलीही नाही. आता मी ती बशीतच ठेवते. डबी किंवा अलार्म असलं काही आणलं नाही.

तुमच्या घरीही असं काही असेल. आजी-आजोबांच्या पन्नास-साठ वर्षांच्या संसारात कोण काय करत होतं, ते बारकाईने आठवा: कोण दार लावायचं, कोण रेडिओ लावायचं, कानाच्या यंत्राचे सेल कोण बदलायचं. ते एकेक काम कोणीतरी उचला. जेवण, झोप, औषध आणि बाहेर पडणं यांवर पहिले तीन महिने नजर ठेवा. त्यांना लगेच दुसऱ्या शहरात मुलाकडे नेण्याची घाई करू नका. माणूस गेलं तेवढं पुरे असतं, त्यात गल्लीही सुटायला नको.

८. तुमचं स्वतःचं

आजी गेली म्हणून रजा द्यायची पद्धत पुष्कळ कंपन्यांत नाही. खोटं कारण देऊ नका. साहेबांना सरळ सांगा, "मला आजीने वाढवलं आहे, मला आठ दिवस लागतील." मी असं म्हटलं तेव्हा मिळाली.

"पिकलं पान होतं," असं लोक म्हणतील. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण पिकलं म्हणून गळताना दिसलं नाही असं होत नाही. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही आणि त्यांचं ऐकून रडं आवरायचीही नाही.

घरात लहान मूल असेल तर त्याला "आजी झोपली" किंवा "गावाला गेली" असं सांगू नका. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला कोणीतरी झोपली म्हणून सांगितलं, तर तो दोन रात्री डोळे मिटेना. मग त्याला सांगितलं, "आजी मेली. तिचं शरीर थांबलं. ती आता येणार नाही. आपण तिच्याबद्दल पाहिजे तेवढं बोलू शकतो." त्याने एकच विचारलं, "मग तिचा चष्मा कोणाचा?" तो आता त्याच्याकडे आहे.

कपडे आणि सामान महिनाभर हलवू नका. नंतर सगळ्यांना बोलावून एका बैठकीत वाटा. आजीच्या सुती नऊवारीची गोधडी होते. अडकित्ता कोणी मागणार नाही असं मला वाटलं होतं, त्याला तिघांनी हात लावला.

आणि रडं कुठेही येईल. मला ते घाटावर आलं नाही. जून सुरू झाला तरी उकाडा होता. संध्याकाळी सहाला मी सवयीने पाइप ओढत आजीच्या खोलीतल्या कूलरपाशी गेले, टाकी अर्धी भरली, आणि मग मला दिसलं की खोलीत कोणी नाही. मी टाकी पूर्ण भरली. त्याशिवाय मला तिथून हलताच आलं नसतं.

दोन-तीन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा "आपणही नको" असा विचार येत असेल, तर तो दुःखाचा भाग म्हणून सहन करत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. आबांसाठीही हे तितकंच लागू आहे, म्हाताऱ्या माणसांचं असं दुखणं "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं.

९. पहिलं वर्ष

पहिली दिवाळी घरोघरी वेगळी होते. आम्ही आकाशकंदील लावला नाही, पण भाच्यासाठी चकल्या केल्या. वर्षश्राद्ध तिथीने करायचं असेल तर तिथी आत्ताच फाइलवर लिहून ठेवा, तारखेशी ती जुळत नाही.

अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. घागर आदल्या दिवशीच आणा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, नाहीतर नैवेद्याच्या वेळेपर्यंत ती अर्धी झिरपून जाते. घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर तडा आहे, खणखणीत वाजली तर घ्या. आमच्याकडे हे काम आजीचं असायचं, मडकीवाला तिला बघून आधीच चार घागरी पुढे करायचा. यंदा मी आणि आबा गेलो. मी तीन वाजवल्या आणि बाजूला ठेवल्या. चौथी आबांनी माझ्या हातातून घेतली, कानाशी नेली, टिचकी मारली आणि म्हणाले, "हे घे."